आधी शेजारी विचारा

रात्री अपग्रेड लावून घरी गेले.
सकाळी कर्डलाच्या वाचनालयात
सगळं नवं, चकचकीत, पाच सेकंदांत उठणारं,
आणि रिस्ट्ना कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

रिस्ट्ना म्हणजे मागच्या खोलीतला सर्व्हर,
कपाट आणि रेडिएटरच्या सांदीत घरघरणारा.
एंडेलनं इथल्या यंत्रांना बेटावरच्या दीपगृहांची नावं दिली :
क्योपू, तहकुना, रिस्ट्ना.
म्हणायचा, नावेला नाव लागतं,
नुसत्या आकड्यांवर कुणी नाव हाकत नाही.
हे खरं नाही. खलाशी आकड्यांवरच जातात.
पण एंडेलशी वाद कोण घालणार.

मी आकडा टाकला. शेवटी चौदा.
पापणी लवायच्या आत उत्तर.
मी नाव टाकलं.
थांबला. अजून थांबला. मग :
असं नाव माहीत नाही.

दारात हेल्वे, हातात कॉफी. "गेला का तो?"
नाही गं. हाक मारली तर ओ देत नाही,
खांद्याला हात लावला तर वळून बघतो.
"म्हणजे माझ्या नवऱ्यासारखाच," म्हणाली.
आणि बोटीचं नवं वेळापत्रक, चाळीस प्रती, अकराच्या आत,
हेही म्हणाली.

रीस्टार्ट केलं. सगळेच करतात.
केबल उपसून पुन्हा बसवली, जी कधी सैल नव्हतीच.
पत्ते कुणाला विचारायचे ती फाइल उघडली,
तर आत एकच पत्ता, एकशे सत्तावीसनं सुरू होणारा :
त्याचा स्वतःचाच.
कुणाला विचारू?
मलाच विचार.

हेल्वे खुर्ची ओढून बसली होती.
"आईच्या शेताला नंबर नव्हता. कादाका म्हणायचे, बस.
विल्लू पोस्टमन आधी स्वतःच्या वहीत बघायचा,
मग कुंपणावरून शेजाऱ्याला ओरडून विचारायचा,
अगदीच अडलं तर तालिन्नला.
त्याच्या मागून आलेली मुलगी हुशार.
ती थेट तालिन्नला विचारायची.
तालिन्न म्हणे, असं शेतच नाही.
दोन नाताळ आत्याची पार्सलं परत गेली,
आणि आई कुंपणापलीकडे उभी, हात पुसत."

मी काही बोलले नाही. दुसरी फाइल उघडली.
ओळ सापडली. नावं कोणत्या क्रमानं शोधायची, ती :
आधी वही.
मग तालिन्न.
मधला शेजारी नाहीच.
अपग्रेडनं ओळ नीटनेटकी केली होती.

आणि हाकारणारी ती छोटी सेवा जिवंत होती की,
हिरव्या अक्षरांत "चालू", रात्रीपासून,
तिच्याकडे चौकशीला फक्त कुणी येत नव्हतं.
कळसा काखेतच.
वळसा मात्र समुद्रापलीकडून.

एक शब्द परत लिहिला, मधोमध.
सेव्ह.
रिस्ट्ना?
हजर.
पलीकडे प्रिंटर खोकला, आणि पहिलं पान
थोडं तिरकं बाहेर आलं.

खरं तर इथेच उठायचं.
पण अपग्रेडनं बाजूला सारून ठेवलेली जुनी वही दिसली,
एंडेलच्या हातची. शेवटून दुसरी ओळ :
तहकुना, शेवटी नऊ, आणि पुढे शेरा,
"खिडकीजवळचा. उन्हानं तापतो. दुपारी पडदा ओढा."

ते यंत्र तीन वर्षांपूर्वी भंगारात गेलं.
एंडेल त्याच्याही आधी.
ती ओळ मी नव्या वहीत उतरवली, शेऱ्यासकट.
का, ते विचारू नका.
एकदा नाव टाकून बघितलं.
नाव सापडतं आता.
उत्तर येत नाही.

अकराला सात कमी. खिडकीशी रिकामं टेबल,
त्यावर मार्चचं ऊन, जेमतेम.
मी जाऊन पडदा ओढला.
"अगं, दिसत नाहीये मला," हेल्वे म्हणाली,
"चौतीस झाल्या की पस्तीस?"