छिन्नीची खूण

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी, भर उन्हात,
भायसिंग पावराची जीप तळोद्यात आली
ती पुढच्या दोन चाकांच्या जिवावर.
मागचा शाफ्ट टपावर, सुतळीनं बांधलेला,
शेळ्यांच्या पाल्याशेजारी.
चांदसैलीच्या तिसऱ्या वळणावर क्रॉस तुटला,
दांडा लोंबून डांबरावर आपटायला लागला
तशी आतली बारा माणसं न सांगता उतरली.
मग चाकाखाली दगड, मग पाना, आठ बोल्ट,
मग फोर व्हीलचा दांडका पुढे रेटला
आणि बारा जणांना परत बसवून
पुढची चाकं गाडी ओढत खाली घेऊन आली.

कधीपासून वाजत होती?
होळीपासून, तो म्हणाला.
रिव्हर्समधून पहिल्यात टाकली की टक.
एकच.
मग सांगितलं का नाहीस?
एकच होतं ना.

मी शाफ्ट शिकंजात धरला.
लॉक काढलं, हातोडीनं वाटी हलवली
आणि आतून भुकटी सांडली, लाल, कोरडी,
नंदुरबारच्या पथारीवर वाळत्या मिरचीच्या रंगाची.
ग्रीसचा थेंब नाही.
सुया निम्म्या झिजलेल्या, निम्म्या नाहीतच,
क्रॉसच्या अंगावर त्यांच्या रेघा तेवढ्या उरलेल्या.
नखानं मोजता येतील इतक्या खोल.

उखर्डू मिस्तरी असता तर
आधी भुकटी हुंगली असती, मग मला शिवी दिली असती,
मग भायसिंगला चहा.
"गुल्या, शाफ्ट सोडाना पहिले चाकले दगड लाव.
दांडा निंघना का मंग गियर कोनाच ऐकत नई."
दुसरं सांगणं खुणेचं:
सोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीची एक रेघ,
म्हणजे जोडताना दात त्याच दातात बसतो,
योकचे कान एका ओळीत येतात.

एकदा मी खूण विसरलो होतो.
सतरा वर्षांचा होतो, मिस्तरी लग्नाला शिरपूरला गेलेला.
अंदाजानं बसवला शाफ्ट, एक दात इकडे.
मग आठवलं, म्हणून वर खूणही मारून ठेवली,
चुकीच्या जागी, ठळक.
हीच जीप. हाच भायसिंग.
चाळिसाच्या वर गाडी थरथरायची,
आणि हा गडी अख्खा हिवाळा
सीटवर पोत्याची चौघडी घालून चालवत राहिला.
मिस्तरीनं विचारलं तर म्हणाला,
मला वाटलं रस्ताच बिघडला.

आज रॉकेलनं पुसता पुसता
तिन्ही रेघा वर आल्या.
दोन मिस्तरीच्या, समोरासमोर, बारीक, सरळ.
एक माझी.
कानसीनं घासली तर दोन मिनिटांत जाईल.
कानस शेजारीच होती.

नवा क्रॉस हातानं बसवला, वाट्या दाबल्या,
एकही सुई आडवी पडू नये म्हणून श्वास धरून.
दात मिस्तरीच्या रेघेला.
पिचकारीनं ग्रीस भरत राहिलो
चारही तोंडांतून बाहेर येईस्तोवर.

हातोड्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो.
पन्नास. साठ.
भायसिंगनं गियरच्या गोळ्यावर तळहात ठेवलेला,
तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
तापीत पाणी कमी, वाळूवर दोन ट्रॅक्टर.
परत फिरताना रिव्हर्स घेतला, पहिला टाकला,
थांबला.
पुन्हा रिव्हर्स, पुन्हा पहिला.
टक नाही, तो म्हणाला.
नाही, मी म्हणालो.
मग मला कळायचं कसं, गियर पडला म्हणून?

क्रॉसचे पैसे दिले, मजुरी पुढच्या बाजाराला.
दर महिन्याला ग्रीस, मी सांगितलं.
हो, म्हणाला, होळीला म्हणाला होता तसंच.

गाडी गेल्यावर दिसला, दगड राहिलाय.
तिसऱ्या वळणावरचा, काळा, एका बाजूनं सपाट.
तो यानं गाडीत घालून आणलेला
आणि इथं उतरताच चाकाखाली सरकवलेला.
मी ठेवून घेतला.
आमच्या विटा फुटतात.