डेडस्टॉक, पान एकेचाळीस

मी कारकून. कविता हे माझं काम नाही.
माझं काम नोंद.
टेबलं बारा, पैकी तीन डुगडुगती.
पृथ्वीगोल एक, आसावरून निखळलेला.
पितळी घंटा एक, टोलासह.
आग विझवायची नळकांडी दोन, मुदत संपलेली,
तरी भिंतीवर,
कारण तपासणीला आलेले ती मोजतात, हलवून बघत नाहीत.

वडगाव बुद्रुकला, कालव्याच्या अलीकडे आमची शाळा.
गुरुवारी वीज जाते.
पुण्यात गुरुवारी वीज जाते
हे इथल्या मांजरांनाही ठाऊक आहे,
म्हणून जिन्याखाली जनरेटर,
त्यावर देणगीदाराच्या वडिलांचं नाव.
जिन्याच्या डोक्यावर चौथी ब.

चौथी बची पोरं नाटकी, असं ठरून गेलं होतं.
प्रांजल थोपटेचं डोकं दुखतं.
तन्वीर मणेर बाकावर मान टाकतो.
ऋजुता ओकली, तेव्हा तिच्या आईला चिठ्ठी गेली:
डब्यात शिळं देऊ नये.
कानडेबाई म्हणाल्या, गणिताच्याच तासाला बरं दुखतं!
आणि गणित होतंच, गुरुवारी, सलग दोन तास.

मी हुशार नाही. मला फक्त रकाने दिसतात.
डिसेंबर होता, थंडीच्या खिडक्या लावलेल्या,
आणि आजाराची वही डिझेलच्या वहीवर
उघडीच पडली होती.
डिझेल चार लिटर. डोकेदुखी पाच.
डिझेल सहा लिटर. डोकेदुखी नऊ, उलटी एक.
डिझेल निरंक, वीज होती.
सगळी हजर. दोघं मारामारीसाठी वर्गाबाहेर उभे.

बोट तिथंच राहिलं माझं.

त्याला वास नाही. रंग नाही.
खोकलासुद्धा येत नाही की कुणी म्हणावं, अरे, खिडकी उघडा.
रक्तातल्या पंगतीत तो
प्राणवायूच्या पाटावर जाऊन बसतो
आणि उठत नाही.

समितीत विषय मांडला.
अध्यक्षांनी विचारलं, नियमात आहे का?
रात्री परिपत्रकांची फाईल चाळली.
कठड्याची उंची मिळाली. पताकांचे रंग मिळाले.
हे मिळालं नाही.
मग पुढच्या वर्षी बघू, असं झालं.
पुढच्या वर्षी ही पोरं पाचवीत जातील, मागच्या इमारतीत.
त्यांच्या जागी दुसरी डोकी येतील.

तापकीर गल्लीत सात दुकानं फिरलो.
सगळे सिलिंडरच्या गळतीचं यंत्र पुढे करत,
साहेब, हेच चालतंय, स्वस्तात पडेल.
आठव्या दुकानात एक म्हातारा बोहरी, चष्मा कपाळावर,
म्हणाला, ते वेगळं, हे वेगळं,
आणि कोणासाठी ते विचारून पन्नास कमी केले.
अठराशे पन्नास.
मी लिहिलं: खडू, डस्टर व इतर.
बावीस वर्षांतली माझी पहिली खोटी नोंद.

गुरुवार. अकरा वाजून वीस.
सर्जेरावानं जनरेटर ओढला,
दहाएक मिनिटं काही नाही,
आणि मग वर भिंतीवर ते तळहाताएवढं किंचाळलं.
पोरांना वाटलं सुट्टी.
असली धावली, जिना दणाणला, पायऱ्यांवर एकाची चप्पल राहिली.
शेवटी कानडेबाई, हजेरीपट छातीशी,
मैदानात दोनदा मोजलं त्यांनी: त्रेचाळीस.
मग ध्वजाच्या कट्ट्यावर बसल्या.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
म्हणाल्या, माझंही दुखायचं हो.
मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला.

जनरेटर आता कुंपणापाशी आहे, पत्र्याखाली.
समितीचा ठरावही झाला, एकमतानं:
प्रत्येक मजल्यावर एक यंत्र, सक्तीनं.
तीन कोटेशनं मागवली आहेत. अजून दोनच आली.

भिंतीवरचं ते मात्र
माझ्या वहीत चढवता येत नाही,
कागदावर ते खडू आहे.
म्हणून ही नोंद इथे.
पान एकेचाळीसवर एक ओळ कोरी सोडली आहे.
मार्चात ऑडिटचे साहेब विचारतील,
एवढे खडू गेले कुठे?
मी त्यांना जिना चढायला लावीन.