तीन हात खाली

वॉली ग्रेगला मांडीवर घोंगडी लागते, दुर्बीण लागते,
आणि डॉक्टरने मना केलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या.
तिन्ही घेऊन आम्ही निघतो किनरॉसच्या धक्क्यावरून,
मी खुर्ची ढकलणारी, तो रस्ता सांगणारा.
तलावाभोवती वाट एकच, तेरा मैलांची,
आणि ती गोल आहे.
तरी तो सांगतो.

तलावाला इथे लॉख म्हणतात.
पहिलं वर्षभर मला कुलूपच ऐकू यायचं.

वाट नवी. खडी दाबून, चढउतार मोजून,
चाकांच्या खुर्चीला चालेल अशी केलेली.
फाटक कोपराने उघडतं. कुत्रे दोरीत ठेवावेत.
पक्षी निजतात तिकडे जाऊ नये.
पाट्या वाचून झाल्या की वॉली म्हणतो,
"आमच्या वेळी पाटी नव्हती. मालक होता."
एकेचाळीस वर्षं त्याने वल्ही मारली
ट्राउट धरायला आलेल्या साहेबांसाठी:
मासा त्यांचा, फोटो त्यांचा,
वाऱ्याकडे पाठ मात्र याची.

एका ॲश झाडापाशी तो मला थांबवतो.
हात छातीपर्यंत नेतो.
"पाणी इथवर होतं."
त्याने पाहिलेलं नाही. त्याच्या आजानेही नाही.
दोनशे वर्षं होत आली,
गिरण्यांसाठी एक सरळ चर खणला, दारं बसवली,
आणि तलाव तीन हात खाली बसला.
नवी जमीन उघडी पडली, बहुतेक रेताड.
बेटं पसरली. किल्ल्याच्या भिंतीला खेटलेलं पाणी
मागे सरलं, तिथे आता झाडं आहेत.
त्या किल्ल्यात एक राणी कोंडली होती.
रात्री होडीतून निसटली,
आणि सोडवणाऱ्याने चाव्या पाण्यात फेकल्या.
पाणी उतरल्यावर त्या सापडल्या म्हणे.
"कुणाला?"
"पुष्कळांना," वॉली म्हणतो. "प्रत्येकाची खरी."

मी सांगितलं, आमच्याकडे उलटं झालं.
पैठणला धरण बांधलं, पाणी वर आलं,
आईचं माहेर खाली गेलं.
"किती हात?"
कुणी मोजलं नव्हतं.
तो गोळी चघळत राहिला.
मग दुसरी मला दिली.

सप्टेंबर संपत आला की आइसलंडहून कादंब येतात,
गुलाबी पायांचे.
नाथसागरावर पट्टकादंब यायचे,
आम्ही नुसतं म्हणायचो, बदकं आली.
इथे लोक वह्या घेऊन बसतात
लाकडी आडोशात, फटीला डोळा लावून.
वॉलीचा डावा डोळा गेलाय, उजवा धूसर.
दुर्बीण तो गळ्यात नुसती बाळगतो,
आणि कान वर करतो.
आधी लांबून, पत्र्याचं गाडं ओढल्यासारखं काहीतरी,
मग आभाळ कलकलाटाने भरलं,
रांगा मोडल्या, पंख तिरके करून
ते पानांसारखे गिरक्या घेत खाली आले.
"दोनशे चाळीस," वॉली म्हणाला.
वहीवाल्या बाईने चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं,
आणि काहीतरी खोडलं.

पाचला परतायचं होतं. त्याचा चहा, माझी पाळी.
"चावी दे," तो म्हणाला.
होमच्या मागच्या दाराची, माझ्या गळ्यात असते ती.
देऊ नये असा नियम आहे.
दिली.
त्याने ती तळव्यात तोलली, गळ तोलावा तशी,
आणि हात मागे नेला.
बाहीतून दंड दिसला, अजून वल्ह्याचा.
मी काहीच बोलले नाही.
"खोल आहे का इथे?"
"गुडघाभर असेल."
"मग सापडेल," म्हणाला,
आणि परत दिली.

घोंगडी घसरली होती, ती खोचली.
फाटकाला मी कोपर लावला.
मागे ते अजून उतरत होते,
वॉली मान न वळवता आकडा वाढवत होता.