वेगळी चूल

उजाडायच्या आत पिंजरे काढते मी ओढ्यातून.
आमिष म्हणून मांजराचं खाणं,
लालसर गोळ्या, कालनालीच्या बाजारात किलोवर मिळतात.

वर, धुक्याच्या अंगाला, पाणी गार.
तिथल्या नराची शेपटी तलवारीसारखी निमुळती.
खाली मक्याची शेतं लागतात तिथे
तलवार नाही, पाठीवर मोठा पर,
शिडासारखा उभारलेला.
मधल्या डोहात दोन्ही मिसळलेले.
कोण कुणाचं, हातात धरूनही कळत नाही.

वासावरून ओळखतात म्हणे आपलं माणूस.
आम्ही कॉफीचा चोथा सोडला, साबण सोडला,
पाण्याचं नाक चोंदलं,
आणि एरवी ज्यांनी पाठ फिरवली असती
ती एकमेकांकडे पोहत गेली.

मरिसेला शिकवते मला, काचा पुसता पुसता:
प्रत्येक पेशीत दोन वह्या.
जाडजूड ती आईबापांची मिळून,
दर पिढीत पानं पिसून पुन्हा शिवलेली.
दुसरी चिमुकली. ती फक्त आईची,
तिच्या आईची, तिच्याही आईची.
तिच्यात विस्तवाचा हिशेब.
मायटोकॉन्ड्रिया, ती म्हणते.
चूल, मी म्हणते.
मला वाटलं हसेल. हसली नाही.

ही चूल एका वहीवर पेटत नाही.
सात दगड धाकट्या वहीतले,
बाकी तीसेक थोरल्या.
खाचेत खाच बसली तर धग.
गार पाण्यातल्यांनी हजारो पिढ्या
आपले दगड आपल्यापुरते घासून घेतले,
कोमट पाण्यातल्यांनी आपले.
दोघांचंही बरोबरच होतं.
फक्त कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

पहिली पोरं धडधाकट निघतात.
आईकडचा एक तरी दगड हाताशी असतो ना.
फटका नातवंडांना.

हे मासे अंडी टाकून जात नाहीत,
पोटात वाढवतात.
आज एकीच्या पोटात चौदा.
भिंगाखाली अकरांचे डोळे काळेभोर,
बलक संपत आलेला.
तीन मागे पडलेली.
बलक तस्साच, भाकरी वाढून ठेवावी आणि कुणी जेवू नये तसा.
काळजं लुकलुकतायत.
चूल आईची, गार पाण्याची;
त्या एका खाचेत मात्र
दोन्हीकडून आलेला दगड खालच्या डोहाचा.

माझंही पहिलं चौथ्या महिन्यात थांबलं होतं.
"रक्त जुळलं नाही," सासू म्हणाली, "ही वरच्या गावची."
माझी नाळ आईच्या चुलीखाली पुरलेली,
तीन दगडांच्या मधोमध, मुलींची पुरतात तशी.
नऊ वर्षं मला वाटत होतं
तिथूनच काहीतरी परकं आलं माझ्याबरोबर.

विचारलं एकदा मरिसेलाला, तिच्याकडे न बघता.
ती चिमटा खाली ठेवून म्हणाली,
"माणसांत दुसरी जात नाही, इसाउरा.
वरच्या गावची काय, खालच्या गावची काय,
दगड एकाच खाणीतले.
तुझं का गेलं, मला नाही माहीत.
पण ते हे नव्हे."
मग बराच वेळ नळ उगाच चालू होता.

वहीत लिहिलं: चौदांत तीन.
कालच्या पानावर नऊंत दोन, परवा सोळांत चार.
वेगळं होणं म्हणजे भांडण, असं मी समजत होते.
भिंत, कुंपण, एखादा वणवा तरी.
इथे तर प्रेमानं जवळ आल्यावर कळतं
की चुली कधीच्या वेगळ्या मांडल्या गेल्या होत्या,
आणि मांडली तेव्हा
घरात कुणालाच पत्ता नव्हता.

संध्याकाळी उरलेले मधल्या डोहात सोडले.
एक नर जरा वेळ काठाशी घुटमळला.
अर्धी तलवार, अर्धं शीड.
त्याला काय, तो भुकेला होता.
खिशात चार गोळ्या होत्या मांजराच्या,
त्या टाकल्या.