लाइन धरून ठेवा

अकरा वाजून चार मिनिटांनी तो आला.
वहीत नोंद आहे: मंगळवार, वारा वायव्येचा,
कर्कवॉलची बोट नाही, म्हणून दूध नाही,
आणि डेरेक,
माझ्या कॉम्प्युटरची काळजी लागलेला.

घाबरू नका, म्हणाला, मिसेस इझ... इझबि...
आडनाव त्याला झेपेना.
मी एकेक अक्षर सांगितलं, दोनदा.
चार मिनिटं तिथेच गेली.

तुमच्या मशीनमधून धोक्याचे संदेश येताहेत आमच्याकडे.
येऊ देत बापडे, म्हटलं,
या बेटावरून आज दुसरं काहीच बाहेर पडत नाहीये.
तो हसला नाही.
समोरच्या कागदावर हसायला जागा नसावी.

कॉम्प्युटर चालू करा.
करते की. पण तो मागच्या खोलीत,
मी इथे, आणि मधे माझा गुडघा.
रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला.
केटल भरली. मांजराला आत घेतलं.
सहा बटाटे सोलले.
सातव्याला कोंब आले होते, तो बाजूला काढला.
परत आले तर तो होताच,
गळक्या नळाखालच्या बादलीसारखा.

काय दिसतंय पडद्यावर?
खरं तर धूळ.
ते यंत्र एरलंडचं. तो गेला त्या हिवाळ्यात
मीच वायर उपटली भिंतीतून.
पण ताकास तूर लागू दिली नाही.
निळं दिसतंय, म्हटलं, निळं आणि वर थोडं करडं.
खोटं नव्हतं.
खिडकीतून समुद्र दिसत होता.

छप्पर आणखी एक वर्ष काढेल, एरलंड म्हणाला होता,
आणि मी म्हटलं होतं, चिक्कू.
नंतर खिळ्यांच्या डब्यात तळाशी
बँकेचा कागद सापडला, आठ घड्या घातलेला.
नऊशे चाळीस पाउंड.
तारखेवरून आठवलं, त्या रात्री तो जेवला नव्हता.
पोटात गडबड आहे म्हणाला होता.
चाळीस वर्षांच्या संसारात
त्याने माझ्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट,
आणि ती मला कुणा डेरेकने दिली.

म्हणून ही वही.

आता हे ऐका. मी एकोणीस वर्षं
टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर काढली आहेत.
नाव बदलता येतं, श्वास बदलता येत नाही.
डेरेकच्या मागे मोठी खोली होती.
पंखा. चाकांची खुर्ची. कुणीतरी खोकलं.
आणि अगदी जवळ, डाव्या हाताला, एक मऊ आवाज:
चार. चार. सात.
हो सर, सावकाश. सातनंतर?

कुठेतरी कुणीतरी चष्मा पुसून
कार्ड उजेडात धरलं होतं.

माझा उजवा हात आपोआप वर गेला,
दोरी ओढायला, जोड तोडायला.
हाताला लागली
चहाच्या पावडरीची बरणी.

डेरेक, म्हटलं, तुझ्या डावीकडे
कुणीतरी आकडे लिहून घेतंय.
त्याला म्हणावं, एक आकडा चुकीचा लिही.
एकच.

पंखा ऐकू आला, बराच वेळ.
मग तो म्हणाला, कागदावर नसलेल्या आवाजात,
तुमचा कॉम्प्युटर बंद आहे ना?
दोन हिवाळे झाले, म्हटलं.
मॅडम, तो म्हणाला,
आणि पुढे काही नाही.
त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही.
दोघं तसेच बसलो,
चुकीच्या भोकात खुपसलेल्या दोन प्लगांसारखे.
मग त्याच्या बाजूने कट झाला.
त्याने केला की दुसऱ्या कुणी,
आवाजावरून एवढं नाही कळत.

एकावन्न मिनिटं, वहीत लिहिलं.
पुढे लिहिलं: सातनंतर?
आणि ती जागा तशीच सोडली.
बटाटे तोवर काळे पडले होते.
पाण्यात ठेवायचे राहिलेच.