चौकी क्रमांक सहा

मेप्पेल. एप्रिल. वारा समोरून.
इथे वारा समोरूनच येतो,
जाताना, आणि येतानाही.

कालव्याच्या पुलापाशी, बेकरीच्या वळणावर
मला उभं केलंय सव्वाआठपासून.
चिमट्याचं पॅड, दोरीला बांधलेली पेन्सिल,
अंगात नारिंगी जाकीट, कुणा जाड्या माणसाचं.
आज पाचवी-सहावीतल्या पोरांची सायकलची परीक्षा.
मी परीक्षक.
सूचना एकच: मुलांशी बोलायचं नाही.

मागे वळून पाहिलं का?
हात दाखवला का?
उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दिलं का?
हो. नाही. हो. नाही.
शेवटी "इतर" म्हणून बोटभर जागा.

चार नंबर येतो, सीत्से, खाटकाचा नातू.
हात इतका ताठ
की त्यावर कपडे वाळत घालावेत.
मागोमाग अकरा नंबर, नाक ओढत,
आणि चालत शाळेला निघालेली चिल्लीपिल्ली,
एकाच दोराच्या गाठी धरून,
पुढे एक ताई, मागे एक ताई,
मधे कुणाचा तरी बूट सुटलेला.
त्यांची परीक्षा नाही. तरी मी पाहत राहते.

नऊ नंबर मागे बघते,
म्हणजे मान वळते, डोळे पुढेच राहतात.
बयो, ही लबाडी मला माहितीय.
मी एकोणतीस वर्षं ट्रक चालवलाय,
आधी दुधाचा, मग खताचा, शेवटी फुलांचा.
आरशात पाहणं वेगळं
आणि आरशात दिसणं वेगळं.

ट्रकच्या उजव्या अंगाला, जिथलं काही दिसत नाही,
त्या जागेला आमच्याकडे मेलेला कोपरा म्हणतात.
माझ्या त्या कोपऱ्यात
एकदा एक सायकल होती.
चाक वाकलं, बाकी काही नाही.
पोरगा उठला, गुडघे झटकले,
आणि "माफ करा" म्हणाला.
मला.
त्यानंतर सहा वर्षं चालवला मी ट्रक,
पण प्रत्येक उजव्या वळणावर
खाली उतरून बघावंसं वाटायचं.
दोनदा उतरलेही. मागचे भोंगे वाजवत राहिले.

नऊ नंबर: "नाही"वर फुली.
रडली तर रडू दे.

मग एकतीस.
राहवा. शरदात आली, अस्मारातून, व्हाया कुठून कुठून.
सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये
रविवारी रविवारी शिकली.
सायकल उसनी, सीट एक इंच उंच.
पालकांनी रस्त्यावर थांबू नये असं पत्र गेलं होतं;
तिचा बाप पलीकडे चेस्टनटच्या मागे उभा आहे,
झाड बारीक, बाप रुंद.

तिला डावीकडे वळायचंय.
उजवीकडून येते एक बाई,
पुढच्या पेटीत तीन पोरं आणि एक कुत्रा,
थांबते, हसते, हात करते: जा गं, तूच जा आधी.
राहवा जात नाही.
एक पाय जमिनीवर, चाक रेषेच्या आत,
नियम तिच्या बाजूने नाही, हे तिला पाठ आहे.
बाई पुन्हा हात करते.
राहवा मान हलवते. नाही.
कुत्रा भुंकतो. बेकरीवाला दारात येतो.
अख्खं मेप्पेल दोन चाकांवर खोळंबलंय.

शेवटी बाईच हरली, गेली.

मग ही मागे वळते,
मानेने, खांद्याने, डोळ्यांनी,
इतकी पूर्ण की तिला मीही दिसते,
नारिंगी जाकिटातली म्हातारी, पेन्सिल हवेत.
आणि तिचा हात बाहेर येतो, डावीकडे,
त्याच क्षणी झाडामागून
आणखी एक हात बाहेर येतो, डावीकडे,
त्या माणसाला कळतही नाही.

मी बोलले नाही. तसा नियम आहे.
"इतर"मध्ये लिहिलं: सीट खाली करा.

साडेदहाला कागद जमा केले, जाकीट दिलं.
घरी येताना बेकरीच्या वळणावर मागे पाहिलं:
रिकामा रस्ता, पुलावर एक बदक.
तरी हात दाखवला.
पेन्सिल खिशातच राहिली,
दोरी बाहेर लोंबतेय.