रिकाम्या गाडीचं वजन

अंबडच्या काट्यावर मला नऊ वर्षं झाली.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
वजाबाकी मशीनच करतं.
मी पावती फाडते
आणि खिडकीतून ओरडते, उतरा खाली,
माणूस काट्यावर नको.

वाल्मीक रियाधहून म्हणतो, या आता दोघी.
व्हिसा होतोय. कंपनीची खोली, दोन एसी.
इथे रात्री दोनला बाई एकटी दुकानात जाते,
कुणी मान वळवून बघत नाही.
माझा हात गळ्याकडे जातो.
इंदिरानगरच्या ट्रॅकलगत, सकाळी साडेसहाला,
पोत गेली, वळ राहिला.
पोतीचं वजन दीड तोळा.
वळाचं मी कधी केलं नाही.

मग तो ऊन सांगतो, न विचारता.
अठ्ठेचाळीस, कधी एकोणपन्नास.
गाडीच्या दाराला फडक्यानं हात लावायचा.
गार पाण्याचा नळ दुपारी कढत येतो,
म्हणून पहाटेच बादल्या भरून
एसीखाली ठेवायच्या, दूध ठेवावं तशा.
आणि धूळ येते ती भिंतीसारखी,
आधी रस्त्याच्या टोकाशी उभी राहते,
मग रस्ताच नसतो.
ईश्वरीचा पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो.
भिंतीचं ऐकून मी कप्पा चाचपला,
ती शाळेतून आलेली, समोर बसलेली असताना.

तसं इथे तरी काय मोठं.
परवा शाळेला सुट्टी: बिबट्या.
गंगापूर रोडला कुणाच्या पार्किंगमध्ये
स्कूटीच्या आडोशाला बसला होता म्हणे,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा.
आणि पूर आला की सगळं शहर
दुतोंड्या मारुतीवर पाणी मोजतं.
गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला,
देव नव्हे, फूटपट्टी.
गळ्याशी आलं त्या वर्षी
आत्याच्या दुकानातली पातेली
पलीकडे नारोशंकराच्या अंगणात सापडली,
झाकणांसकट, हे ती अजून अभिमानानं सांगते.

तिथे पूर नाही, वाल्मीक म्हणतो.
तिथे नदीच नाही.
मग पिता काय?
समुद्र. मीठ काढून, शेकडो किलोमीटर नळातून.
चव?
चव नसते गं.

एक गोष्ट त्यानं सांगितली नाही.
ती खोलीतल्या मुर्तुजाच्या तोंडून निसटली:
जुलैत गच्चीवर, कुणाचातरी एसी उघडून बसले असताना
भाऊ पडले होते. सलाईन. दोन दिवस.
मी पासबुक काढून तारीख बघितली.
त्या महिन्याचे पैसे वेळेवर आले होते,
पूर्ण.

काट्यावर फसवायचे प्रकार मला पाठ आहेत.
वाळू ओली करून आणतात.
रिकामी गाडी तोलताना एक चाक हळूच बाहेर ठेवतात.
नाहीतर भरलेल्या गाडीत क्लीनर सीटखाली झोपतो,
पासष्ट किलो,
कांद्याच्या भावानं विकला जातो.
मी वाकून बघते. सापडतो. हसतो.
या हिशेबात सीटखाली कोण आहे
ते मला ठाऊक आहे,
आणि मी वाकत नाहीये.

निफाडला चार अंश झालं त्या सकाळी
केबिनच्या काचेला आतून दव होतं,
बोटानं पुसावं तेवढीच गाडी दिसायची.
त्याचा फोन आला: थंडी किती आहे?
मी आकडा सांगणार होते.
त्याऐवजी हात लांब करून
फोन खिडकीबाहेर धरला,
कशाला, कुणास ठाऊक, थंडीला काही आवाज नसतो.
कुणीतरी शेकोटीत टायर टाकला होता,
त्याचा वास तर पोचणारच नव्हता.
बऱ्याच वेळानं फोन कानाला लावला.
तो म्हणाला, आत नको घेऊस एवढ्यात.
बोटं बधिर झाली होती.
मी हात बदलला.